रचून ठेवलेली चूल

"ए! मरायचंय का तुला?"

ओत्सोशी मी बोललेलं पहिलं वाक्य हे असं होतं. त्यात प्रेमाबिमाचं काही नव्हतं.

नोव्हेंबर लागला होता. तळं अजून गोठलं नव्हतं, पण पाणी काळं आणि जड झालं होतं. वरून धड पाऊसही नाही आणि धड बर्फही नाही असं काहीतरी तिरपं पडत होतं. आणि अशा पाण्यात, बेटाच्या काठाला, एक पोरगा कमरेपर्यंत बुडून लाकडी धक्क्याला मिठी मारून उभा! अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी. मी बोटीचं इंजिन बंद केलं तरी टकटक चालूच... ते त्याचे दात होते.

"ध-धक्का बाहेर काढतोय," तो म्हणाला.

"कशाने? मिठी मारून?"

"बाबा असाच काढायचे."

"तुझे बाबा बैल असतील. निघ बाहेर!"

निघाला नाही. उलट त्या निळ्या ओठांनी हसला माझ्याकडे बघून. "तू कोण?"

"तुझं प्रेत न्यायला आलेय. मामा म्हणाला होता, बेटावर कुणी नसेल, पंपातलं पाणी सोडून ये. मढं सापडेल हे नव्हता बोलला."

"मढ्याचं नाव ओत्सो," तो म्हणाला. "आणि मढ्याला आता पाय जाणवत नाहीयेत... जरा हात देतेस?"

दिला. बर्फाचा तुकडा हातात घ्यावा तसा त्याचा हात. पण त्याने सोडला नाही पटकन... आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

कौको मामा उन्हाळी घरं सांभाळतो. शहरातली माणसं उन्हाळाभर तळ्याकाठी नागडी पोहतात, मासे भाजतात आणि पानं पिवळी पडली की पळतात. मग धक्के वर ओढायचे, होड्या पालथ्या घालायच्या, नळातलं पाणी सोडायचं, नाहीतर ते गोठून पाईप फुटतात. त्या साली मामाची कंबर धरली आणि सगळं माझ्यावर आलं. शाळा मी आधीच सोडलेली. का, ते विचारू नका. एक वेल्डिंगचं हेल्मेट होतं, एक खिडकी होती आणि माझा राग होता.

बोटीला दोर बांधून, खाली गोल ओंडके सरकवून आम्ही धक्का वर घेतला. तो काठावर पोचला तसा ओत्सो घरात पळाला. मी आत गेले तर हा चुलीपुढे गोधडीत गुंडाळून बसलेला. नुसतं नाक बाहेर.

"ओत्सो म्हणजे अस्वल ना?" मी म्हणाले. "शोभतंय. पण अस्वलं एव्हाना झोपलेली असतात. इतक्या उशिरा कुणी येतं का घर बंद करायला?"

"आई येणार होती. मग बाबा येणार होते. मग दोघांचं भांडण झालं... मग मी आलो. तुझं नाव?"

"पिह्ला."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. दारातच पिह्लायाचं झाड होतं, लाल मण्यांच्या घोसांनी वाकलेलं. माझं नाव त्याच्यावरूनच.

"लोक म्हणतात, पिह्लाया दोन ओझी वाहत नाही," ओत्सो म्हणाला. "फळं भरपूर आली की त्या साली बर्फ कमी."

"लोक काहीही म्हणतात."

"मग तू वाहतेस? दोन?"

मी कॉफीचं भांडं जरा जोरातच ठेवलं. असल्या प्रश्नाला उत्तर माहीत नसलं की मी भांडी आपटते.

ते घर बंद करायला एक दुपार पुरली असती. आम्ही ते काम ताणलं. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण ताणलं. पहिल्या दिवशी मी पाना विसरले. मग तो घ्यायला गेले आणि पंपाची चावी विसरले. मामा खाटेवरून म्हणाला, "पोरी, तुझं डोकं पण विसरून आलीस का बेटावर?"

"मामा, कंबर सांभाळ तुझी."

"कंबर माझी गेलीय. डोळे आहेत अजून," मामा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून हसला.

एकदा मी मामीने केलेला कालाकुक्को नेला. आमच्याकडचा जाड काळा पाव, पोटात अख्खे मासे भरून रात्रभर भाजलेला. ओत्सो तुर्कूचा, समुद्राकडचा. त्याने तो उलटासुलटा करून बघितला.

"हे खायचं आहे की ह्याचं कुलूप शोधायचंय?"

"तुमच्याकडे दात नसतात का रे?"

"होते. त्या दिवशी तळ्यात वाजून वाजून झिजले."

मी हसले. मी अशी हसत नाही सहसा... तोंडात मासा असताना तर नाहीच.

गाद्या आम्ही दोरीवर टाकल्या, म्हणजे उंदीर पोखरणार नाहीत. खिडक्यांना फळ्या ठोकल्या. तो फळी धरायचा, मी खिळा मारायची. एकदा माझे केस फळीच्या फटीत अडकले. "हलू नकोस," तो म्हणाला आणि एकेक बट सोडवत बसला. इतक्या हळू, जशी काय ती जाळी होती आणि मी मासा. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. बाहेर ते तिरपं बर्फाचं पाणी टपटपत होतं.

"झालं का?"

"नाही अजून."

केस कधीच सुटले होते. मला कळत होतं. मी उभी राहिले तशीच.

संध्याकाळी परत निघताना तो मला बोटीत बसवायला यायचा. एकदा म्हणाला, "आणि तळं गोठायला लागलं की? कशी येशील?"

"मग कुणीच येत नाही. बोट फिरत नाही आणि बर्फ माणूस पेलत नाही. काही आठवडे तसंच. त्या दिवसात बेटावर जो अडकला तो अडकला."

"मग आपण अडकू."

"तू अडक. मला कामं आहेत."

"पिह्ला..."

"काय?"

"काही नाही. तू चिडलीस की तुझी डावी भुवई वर जाते. तेवढंच."

त्या रात्री मी आरशात भुवई बघत बसले होते. मी! जिने आरशावर एकदा ब्रश फेकला होता.

आणि मग मी बडबडायला लागले. पुढचं सगळं बोलायला लागले. बर्फ फुटला की मे महिन्यात धक्का परत टाकू. ह्या वेळी पाण्यात मी उतरेन, तू दोर धर. पाईकमासा कसा पकडतात ते शिकवते. काठावरची ती सडकी पायरी बदलू. मी बोलत राहायची आणि तो "हं..." म्हणायचा. आम्ही सावोची माणसं. आमच्याबद्दल सगळ्या देशात विनोद आहे, की सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. आम्ही काही सरळ बोलत नाही, तुम्हीच काय ते समजून घ्या. त्यामुळे मला वाटलं, "हं" म्हणजे "हो".

घरी येऊन मी मामाला म्हणाले, "जानेवारीपासून शाळेत जाईन म्हणते परत."

मामा उठून बसला. कंबर धरलेली असताना! "कोण आहे गं तो बेटावर?" एवढंच म्हणाला.

शेवटच्या सकाळी काठाला बर्फाची पापुद्र्यासारखी काच धरली होती. बोट गेली की कडकड करत फुटायची. ओत्सोची बॅग दारात भरलेली. दुपारच्या बसने तो जाणार होता. तो बाहेर होडी पालथी घालत होता. मी घरातून शेवटची फेरी मारायला आत गेले. नळ उघडे, बरोबर. फ्यूज काढलेले, बरोबर. कपाटात खाण्याचा कण नाही, बरोबर.

चूल रिकामी.

नुसती रिकामी नाही, झाडलेली. राख काढून, आतली वीट पुसून, लख्ख. शेजारच्या टोपलीत पेटवणाची बर्चची साल नाही, ढलप्या नाहीत. काडेपेटीची जागा पण मोकळी.

आमच्याकडे असं कुणी करत नाही. घर बंद करून जाणारा माणूस शेवटी चूल रचून जातो. चुलीत साल ठेवायची, त्यावर ढलप्या, त्यावर फोडलेली लाकडं, वर काडेपेटी. पुढचा जो येईल तो गारठून येणार, त्याची बोटं चालणार नाहीत. त्याने फक्त एक काडी ओढायची. तुमच्याशी भांडलेला शेजारी येणार असला तरी तुम्ही चूल रचून जाता. न रचता जातं फक्त एकच माणूस. ज्याला माहीत आहे, की पुढे कुणी येणार नाही.

मी बाहेर आले. माझा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की मलाच भीती वाटते.

"घर विकलंत?"

होडी त्याच्या हातातून धपकन पडली.

"कुणी सांगितलं?"

"चुलीने."

तो पालथ्या होडीवर बसला.

"उन्हाळ्यातच विकलं. आईबाबा वेगळे झाले, मग... नवीन माणसांना हे घर नकोय, फक्त बेट हवंय. हिवाळ्यात बर्फावरून गाड्या आणून पाडणार आहेत. मोठं नवीन बांधणार. मला ते शेवटचं एकदा बाबांसारखं बंद करायचं होतं."

"आणि मे महिना? तो धक्का? ती पायरी?"

"तू इतकी खूश होऊन बोलायचीस, पिह्ला... मला तोडवेना."

"आणि चूल? ती का नाही रचलीस? तेवढं केलं असतंस तर मला कळलं पण नसतं!"

"बसलो होतो रचायला. सकाळी. साल हातात घेतली आणि..." त्याने हात उघडून बघितले. "नाही जमलं. कुणी येणार नसताना रचायची... खोटं वाटलं ते."

"चुलीशी खोटं बोलवेना तुला? आणि माझ्याशी बोलवलं?"

हातात पाना होता. मी तो फेकला. त्याच्याकडे नाही, तळ्यात. काच फोडून तो बुडाला आणि भोक काळं राहिलं. मामाचा आवडता पाना होता तो.

"मी खोटं नव्हतो बोललो," तो हळूच म्हणाला. "मी नुसतं 'हं' म्हणालो."

"तुर्कूचा ना तू? मग सावोवाल्यासारखं कशाला बोलतोस?"

त्याला हसू आलं आणि मग ते हसू त्याच्या तोंडावर बिघडलंच. मला तेव्हा त्याला मारायचं होतं आणि त्याचं डोकं छातीशी धरायचं होतं, दोन्ही एकदम. मी ह्यातलं काहीच केलं नाही. "बस चुकेल," म्हणाले.

परतताना तो बोटीच्या टोकाला बसून वल्ह्याने बर्फ फोडत होता आणि मी मागे इंजिनावर. सगळा वेळ त्याची पाठ बघत. नुसती काच फुटत होती.

बस थांब्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. लांबून बसचे दिवे दिसले तेव्हा तो बोलला.

"आवडतेस तू मला. पहिल्या शिवीपासून."

"आत्ता सांगतोस?"

"जानेवारीत मला सैन्यात जावं लागतंय, वर्षभर, सगळ्या पोरांसारखं. पण फेब्रुवारीत पहिली सुट्टी मिळते. तोवर बर्फ चालण्याइतका होईल. ते पाडायच्या आधी मी येतो. चालत. पिह्ला, ऐक, हे 'हं' नाहीये. येतो म्हणतोय मी."

"चूल रिकामी करून येतो म्हणतोस?"

बस थांबली, दार फिसकन उघडलं. तो पायरीवर चढला आणि वळला. नाक लाल, डोळे लाल.

"तू रच," तो म्हणाला. "मी पेटवीन."

मी त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि ओठांवर ओठ टेकवले. अर्धं नाकच लागलं. बसवाला म्हणाला, "दार लावू का उघडं ठेवू?" मी म्हणाले, "लाव!" आणि मागे न बघता बोटीकडे पळाले.

कारण उजेड संपत आला होता, आणि काच जाड होत चालली होती.

बेटावर परत जायला मला दुप्पट वेळ लागला. बोटीच्या दोन्ही अंगांना ओरखडे. मी लाकडं फोडली, एकदम बारीक. साल कोरडी हवी म्हणून जॅकेटच्या आतून नेलेली. खाली साल, त्यावर ढलप्या उभ्या-आडव्या, हवा खेळेल अशा. मग बर्चची लाकडं. वर काडेपेटी. आयुष्यात मी काही इतकं नीट केलं नसेल. घरी पोचले तेव्हा मामा काठावर उभा, कंबरेला पट्टा बांधून, हातात दिवा. मला वाटलं ओरडणार. तो म्हणाला, "चल आत," आणि तेवढंच.

दुसऱ्या दिवशी तळं बंद झालं. ना बोट, ना पाय.

आधी मेसेज खूप यायचे. "पोचलो." "इथे नुसता पाऊस." "कुठल्याही पावात मासे नाहीत, उपाशी मरतोय." मग सैन्यातून, रोज झोपायच्या आधी एक. "फेब्रुवारीत येतो." मग रोज नाही. मग, "सुट्टीत आईने बोलावलंय, बघतो." मी त्या "बघतो"कडे खूप वेळ बघत बसले. मग लिहिलं, "चूल रचलेली आहे." त्यावर त्याचं उत्तर आलं, "हं..."

त्यानंतर काही नाही.

बर्फ त्या वर्षी खिडकीपर्यंत चढला. झाड फळांनी लगडलेलं असूनही. म्हणजे वाहते पिह्लाया दोन ओझी. कुणी विचारलं नाही म्हणून सांगत नसेल.

मामाने एकदा विचारलं, "शाळेचं काय झालं? जाणार होतीस ना?"

"बघते," मी म्हणाले. माझ्याच तोंडून तो शब्द ऐकून मला कसंतरी झालं.

आणि मग फेब्रुवारीत, एका सकाळी, मी अंगणातला बर्फ ओढत होते. ऊन पडलं होतं, ते पांढरं, बिनउबेचं. सहज तळ्याकडे बघितलं.

बेटावरच्या धुराड्यातून धूर निघत होता.

सरळ, बारीक, निळा. बर्चचा धूर. मी रचलेल्या लाकडांचा.

मी फावडं टाकलं. टोपी नाही, हातमोज्यात एकच हात. बर्फावरून धावत सुटले. गुडघ्यापर्यंत रुतत, पडत, उठत. काय शिव्या द्यायच्या ते ठरवत होते. आधी "गाढवा" म्हणणार होते. मग "मेसेजला काय धाड भरली होती" म्हणणार होते. मग वाटलं नको, आधी काहीच बोलायचं नाही, आधी नुसतं त्याला बघू दे माझी भुवई वर गेलेली. थंडीने डोळ्यातून पाणी येत होतं. आणि मी हसत होते, एकटी, त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्या तळ्यावर.

बेटाला वळसा घातला तेव्हा मागच्या बाजूला उभा असलेला पिवळा खोदयंत्राचा हात दिसला. दिसला, पण पाय थांबेनात. मी दार ढकललं.

नारिंगी कपड्यातली दोन माणसं चुलीपुढे बसली होती. एक म्हातारा, एक दाढीवाला. थर्मासमधून कॉफी ओतत होती.

"अगं, दार लाव, दार लाव!" म्हातारा म्हणाला. "ऊब जाईल सगळी. तुमचं घर का हे?"

"नाही."

"तरी बरं. उद्या पाडायचंय ना. आज नुसत्या फळ्या काढतोय. पण काय थंडी! बोटं वाकेनात." त्याने चुलीकडे हनुवटी केली. "आणि बघ तर खरं, कुणीतरी चूल रचून ठेवलेली. कुणी एवढी निगुतीने रचतं का हल्ली? एक काडी ओढली न् पेटली."

"एकच," दाढीवाला म्हणाला. "मी म्हटलं होतं तीन तरी लागतील. पैज हरलो."

"ज्याने रचली त्याचं भलं होवो," म्हातारा म्हणाला आणि बाकावर माझ्यासाठी जागा करून दिली. "बस पोरी. कान बघ तुझे, पांढरे पडलेत."

मला ओरडायचं होतं. काहीतरी फेकायचं होतं. हाताशी थर्मास होता, फेकता आला असता. पण त्या माणसांनी काय केलं होतं? ती गारठून आली होती आणि त्यांनी एक काडी ओढली होती. चूल त्यासाठीच तर असते.

लाकडं लाल झाली होती. वरचं एक खाली बसलं, ठिणग्या उडाल्या.

"साल चांगली वाळलेली होती," मी म्हणाले.

मग बसले. एकुलता एक हातमोजा काढला. आणि हात पुढे करून शेकले, कारण थंडी होती.